मर्यादित वापराची डिजिटल क्रमिक पुस्तके

मर्यादित वापराची डिजिटल क्रमिक पुस्तके म्हणजे विद्यापीठ वा महाविद्यालयाच्या ग्रंथालयामार्फत ठरावीक वाचकांना, ठरावीक अटींवर आणि बहुधा ठरावीक मुदतीसाठी पडद्यावर वाचता येणारी अभ्यासक्रमातील पुस्तके व संदर्भग्रंथ होत. अशा पुस्तकाची प्रत वाचकाच्या मालकीची होत नाही. त्याला केवळ वाचनाची परवानगी मिळते. ही परवानगी पुस्तकाचा प्रताधिकार, प्रकाशकाशी झालेला करार आणि वाचकाचे संस्थेशी असलेले नाते या तीन गोष्टींवर अवलंबून असते.

महाराष्ट्रातील धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यासारख्या, मुख्य विद्यापीठ ग्रंथालयापासून दूर असलेल्या भागात या व्यवस्थेला विशेष महत्त्व आहे. येथील विद्यार्थ्याला ग्रंथालयापर्यंतचे अंतर डिजिटल प्रतीमुळे कापावे लागत नाही. तथापि अंतर मिटले तरी परवानगीचा प्रश्न उरतो, आणि मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यापुढे त्याही पलीकडे हवे ते पुस्तक डिजिटल संग्रहात आहे की नाही, हा प्रश्न उभा राहतो.

संज्ञा व व्याप्ती

ग्रंथालयातील डिजिटल पुस्तकांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात.

१. मुक्त पुस्तके : प्रताधिकाराची मुदत संपलेली किंवा लेखक-प्रकाशकाने स्वतःहून मुक्त परवान्याखाली दिलेली पुस्तके. ती कोणालाही वाचता व उतरवून घेता येतात.

२. परवानाधारित ई-पुस्तके : प्रकाशकाने मुळातच डिजिटल स्वरूपात काढलेली आणि ग्रंथालयाने वर्गणी भरून किंवा विकत घेऊन आपल्या सदस्यांना खुली केलेली पुस्तके.

३. अंकीकृत प्रती : ग्रंथालयाच्या कपाटातील छापील पुस्तकाची पाने स्कॅन करून तयार केलेल्या प्रती. मूळ पुस्तकावर प्रताधिकार असल्यास या प्रतींच्या वापरावर कायद्याने मर्यादा येतात.

दुसरा व तिसरा वर्ग मिळून ‘मर्यादित वापर’ ही संज्ञा तयार होते. या दोन वर्गांत एक मूलभूत भेद आहे. परवानाधारित पुस्तकाच्या मर्यादा कराराने ठरतात, तर अंकीकृत प्रतीच्या मर्यादा कायद्याने ठरतात. ग्रंथालयाने छापील पुस्तक विकत घेतले असले तरी त्याची डिजिटल प्रत करून सर्वांना वाटण्याचा हक्क त्या खरेदीबरोबर मिळत नाही.

पार्श्वभूमी

१९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन होण्यापूर्वी मराठवाड्याचे उच्च शिक्षण हैदराबाद येथील उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेले होते. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचा नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. त्याच वर्षी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. धाराशिव जिल्हा मात्र छत्रपती संभाजीनगर, जालना व बीड या जिल्ह्यांसह मूळ विद्यापीठाच्याच कार्यक्षेत्रात राहिला.

धाराशिव शहरापासून विद्यापीठाचा मुख्य परिसर रस्त्याने सुमारे अडीचशे किलोमीटर अंतरावर आहे. हे अंतर लक्षात घेऊन २००४ साली धाराशिव येथे विद्यापीठाचे उपकेंद्र सुरू झाले. जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा व वाशी हे आठ तालुके असून २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६,५७,५७६ होती. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांचा समावेश झाला, त्यांत धाराशिवही आहे. तालुक्याच्या गावांतील महाविद्यालये मुख्यतः स्थानिक शिक्षणसंस्था चालवतात आणि ती विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यामुळे बहुतांश विद्यार्थ्यांच्या दृष्टीने विद्यापीठ ग्रंथालयाचे दार म्हणजे प्रत्यक्षात त्यांच्या महाविद्यालयाचे ग्रंथालय होय.

कायदेशीर चौकट

प्रताधिकाराची मुदत

भारतात प्रताधिकार कायदा, १९५७ लागू आहे. या कायद्यानुसार साहित्यकृतीची कोणत्याही स्वरूपात प्रत काढणे हा प्रताधिकारधारकाचा हक्क आहे. इलेक्ट्रॉनिक साधनात साठवणे हेही प्रत काढण्यातच मोडते. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावरील प्रताधिकार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. १९५० साली निधन पावलेल्या साने गुरुजींचे साहित्य या नियमाने १ जानेवारी २०११ पासून मुक्त झाले. १९७६ साली निधन पावलेल्या वि. स. खांडेकरांच्या पुस्तकांवरील प्रताधिकार २०३६च्या अखेरपर्यंत, तर १९८२ साली निधन पावलेल्या नरहर कुरुंदकरांच्या पुस्तकांवरील प्रताधिकार २०४२च्या अखेरपर्यंत राहील.

मराठीच्या अभ्यासक्रमात संतसाहित्य व महानुभाव वाङ्मय मोठ्या प्रमाणात असते. त्यातील मूळ संहिता प्रताधिकाराच्या कक्षेत येत नाहीत. धाराशिव तालुक्यातील तेर येथील संत गोरा कुंभार यांचे अभंग कोणीही छापू शकतो. परंतु त्या अभंगांच्या आधुनिक आवृत्तीला संपादकाने जोडलेली प्रस्तावना, टीपा व अर्थविवरण ही स्वतंत्र साहित्यकृती ठरते आणि तिच्यावर प्रताधिकार असतो. विद्यार्थ्याला परीक्षेसाठी बहुधा याच भागाची गरज असते.

ग्रंथालयांसाठी असलेले अपवाद

कायद्याच्या कलम ५२ मध्ये प्रताधिकाराचा भंग न ठरणाऱ्या कृतींची यादी आहे. त्यांपैकी ग्रंथालयांशी व वाचकांशी संबंधित प्रमुख तरतुदी अशा :

• संशोधनासह खासगी वा वैयक्तिक वापरासाठी केलेला उचित वापर.

• ग्रंथालयाकडे छापील प्रत असल्यास, जतनासाठी तिची इलेक्ट्रॉनिक साठवण करण्याची मुभा. व्यापारी हेतू नसलेल्या सार्वजनिक ग्रंथालयासाठीची ही तरतूद २०१२च्या दुरुस्तीने आली.

• भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या, ग्रंथालयाच्या वापरासाठी, तीनपेक्षा अधिक नाहीत इतक्या प्रती काढण्याची मुभा. हीसुद्धा व्यापारी हेतू नसलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना आहे.

• अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेले पुनरुत्पादन.

• अपंग व्यक्तींसाठी सुगम स्वरूपात प्रत तयार करणे.

यांतील दुसरी तरतूद ‘जतना’पुरती आहे. जीर्ण पुस्तक स्कॅन करून ठेवणे आणि ते सर्व विद्यार्थ्यांना घरबसल्या वाचण्यास देणे, या दोन वेगळ्या कृती आहेत. पहिलीला मुभा आहे म्हणून दुसरीलाही ती आपोआप मिळते असे नाही. ग्रंथालये स्कॅन केलेली पुस्तके ग्रंथालयातील संगणकापुरती मर्यादित ठेवतात किंवा पासवर्डमागे ठेवतात, त्यामागे हे एक प्रमुख कारण असते.

दिल्ली विद्यापीठाचा खटला

अध्यापनासाठीच्या अपवादाची व्याप्ती दिल्ली विद्यापीठाशी संबंधित खटल्यात तपासली गेली. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानात, प्राध्यापकांनी नेमून दिलेल्या वाचनाच्या आधारे निरनिराळ्या पुस्तकांतील पानांचे संच तयार करून विद्यार्थ्यांना दिले जात. याविरुद्ध ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस व टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी एकल न्यायपीठाने तो फेटाळला. ९ डिसेंबर २०१६ रोजी खंडपीठाने दाव्यातील काही मुद्दे पुन्हा सुनावणीस पाठवले. मात्र अध्यापनाच्या प्रयोजनाला आवश्यक तेवढे पुनरुत्पादन कायद्यास धरून आहे, हे तत्त्व त्याने मान्य केले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

हा खटला छायाप्रतींविषयी होता. त्यातील तत्त्व नेमून दिलेल्या वाचनाला आणि अध्यापनाच्या प्रयोजनाला बांधलेले आहे. त्यामुळे संपूर्ण पुस्तक स्कॅन करून मोबाइलवरील समूहात सर्वत्र पाठवण्याला या निकालाचा आधार मिळतो, असे म्हणता येत नाही.

उपलब्धतेचे मार्ग

एन-लिस्ट

महाविद्यालयांसाठी सर्वांत महत्त्वाचा मार्ग एन-लिस्ट हा आहे. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्र ही सेवा चालवते आणि ती २०१० पासून कार्यरत आहे. प्रत्येक महाविद्यालयाला एकट्याने परवडणार नाहीत अशी ई-पुस्तके व ई-नियतकालिके सामूहिक वर्गणीतून मिळवून देणे, हा तिचा हेतू आहे. सेवेने जाहीर केल्यानुसार तिच्या संग्रहात सुमारे दोन लाख ई-पुस्तके आहेत. महाविद्यालय सदस्य झाल्यावर ग्रंथपाल विद्यार्थी व प्राध्यापकांची नोंदणी करतो आणि प्रत्येकाला स्वतंत्र ओळखनाम व पासवर्ड मिळतो. त्यानंतर इंटरनेट असलेल्या कोणत्याही ठिकाणाहून वाचन करता येते.

विद्यापीठाचे ग्रंथालय

विद्यापीठाचे विभाग व उपकेंद्र यांतील विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ ग्रंथालयाच्या वर्गण्यांचा मार्ग असतो. परिसरातील जाळ्यावरून वाचताना संगणकाचा आयपी पत्ता पाहून प्रवेश दिला जातो, तर परिसराबाहेरून वाचण्यासाठी दूरस्थ प्रवेशाचे खाते लागते. यासाठी देशातील विद्यापीठांकरिता इन्फ्लिबनेटने इन्फेड नावाची सामायिक ओळख-पडताळणी व्यवस्था उभारली आहे.

राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय

आयआयटी खरगपूरने उभारलेले भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय १९ जून २०१८ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आले. त्याची नोंदणी विनामूल्य आहे. ते प्रामुख्याने निरनिराळ्या संस्थांच्या संग्रहांचा एकत्रित शोध घेण्याची सोय देते. शोधात नोंद दिसणे आणि पूर्ण पुस्तक वाचता येणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. काही नोंदी मूळ संस्थेच्या सदस्यांपुरत्याच उघडतात.

एक राष्ट्र एक वर्गणी

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने या योजनेला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी तिच्याकरिता ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके तिच्या कक्षेत आहेत. योजना केंद्र व राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आखलेली आहे. तिचा रोख संशोधन नियतकालिकांवर आहे, क्रमिक पुस्तकांवर नाही. त्यामुळे पदवीच्या विद्यार्थ्याची पुस्तकाची निकड तिने भागत नाही.

प्रवेशाची पद्धत

धाराशिव जिल्ह्यातील संलग्न महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यासाठी सर्वसाधारण क्रम असा असतो :

१. महाविद्यालयीन ग्रंथालयाचे चालू वर्षाचे सदस्यत्व आणि ओळखपत्र.

२. ग्रंथपालाकडे नाव, वर्ग, विषय व स्वतःचा ई-मेल पत्ता यांची नोंद.

३. ई-मेलवर आलेल्या ओळखनामाने पहिला प्रवेश व पासवर्डमध्ये बदल.

४. ग्रंथनाम, लेखक किंवा विषय यांनुसार शोध. एकाच नावाची रोमन लिपीत निरनिराळी रूपे नोंदलेली असू शकतात. म्हणून लेखकाचे आडनाव व प्रकाशनवर्ष यांनी केलेला शोध अधिक फलदायी ठरतो.

५. पुस्तक उघडल्यावर वाचन, टिपणे आणि परवानगी असेल तेथे प्रकरण उतरवून घेणे.

पुस्तक न मिळाल्यास ग्रंथपालामार्फत विद्यापीठ ग्रंथालयाकडे आंतरग्रंथालयीन मागणी करता येते. संपूर्ण पुस्तकाऐवजी नेमके प्रकरण व पृष्ठांक कळवले असता मागणी कायद्याच्या चौकटीत बसण्याची शक्यता वाढते.

सदस्यत्व आणि अंतर

परवानगी संस्थेच्या सदस्यत्वामागे जाते, भौगोलिक जवळिकीमागे नाही. धाराशिवहून सोलापूर सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे. परंतु पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ स्वतंत्र असल्याने तेथील वर्गण्या धाराशिवच्या विद्यार्थ्याला आपोआप लागू होत नाहीत. तुळजापूर येथे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे. त्याच गावातील संलग्न महाविद्यालयाचा विद्यार्थी त्या संस्थेच्या डिजिटल संग्रहाचा सदस्य ठरत नाही. अभ्यासक्रम संपून सदस्यत्व संपुष्टात आले की प्रवेशही थांबतो. स्पर्धा परीक्षांची वा पात्रता परीक्षेची तयारी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना ही अडचण विशेष जाणवते.

निर्बंधांचे स्वरूप

• एकाच वेळी ठरावीक संख्येइतक्याच वाचकांना पुस्तक उघडता येणे.

• एका पुस्तकातून छापता किंवा नकलता येणाऱ्या पानांवर मर्यादा.

• उतरवून घेतलेली प्रत काही दिवसांनी आपोआप बंद होणे.

• एकाच खात्यातून अल्पावधीत मोठ्या प्रमाणावर उतरवणे आढळल्यास प्रवेश स्थगित होणे. अशा वेळी कधी कधी संपूर्ण संस्थेचा प्रवेश काही काळ थांबवला जातो.

• ओळखनाम व पासवर्ड दुसऱ्याला देण्यास मनाई.

प्रताधिकाराच्या भंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण तोडणे हा कलम ६५-अ नुसार गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी शिक्षा आहे.

मराठी माध्यमातील पुस्तकांचा प्रश्न

एन-लिस्टसारख्या सेवांतील पुस्तके मुख्यतः इंग्रजी आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कला व वाणिज्य शाखांत मराठी माध्यमातून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला जी पुस्तके लागतात, ती बहुतांशी पुणे, मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील लहान-मोठ्या प्रकाशकांची असतात. अशी अनेक पुस्तके ई-पुस्तक म्हणून निघतच नाहीत आणि निघाली तरी ग्रंथालयीन परवान्याने विकली जात नाहीत. परिणामी इंग्रजी वाचणाऱ्या विद्यार्थ्याला दोन लाख पुस्तकांचे दार उघडते, तर मराठीतून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच दाराशी पाठ्यक्रमातले एकही पुस्तक न सापडण्याची शक्यता असते.

जुन्या पुस्तकांबाबत ही उणीव अधिक तीव्र आहे. प्रादेशिक भाषांत विद्यापीठ पातळीवरील पुस्तके तयार करण्याच्या केंद्र शासनाच्या योजनेतून नागपूर येथील महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने १९७०च्या दशकात विज्ञान व सामाजिक शास्त्रांवरील मराठी क्रमिक पुस्तके प्रसिद्ध केली. अशी पुस्तके छपाईबाहेर गेली तरी त्यांवरील प्रताधिकार संपत नाही. ती विकत मिळत नाहीत आणि स्कॅन करून सर्वांना देताही येत नाहीत. तीन प्रतींची मुभा देणारी तरतूद आणि जतनासाठीची साठवण, एवढाच आधार अशा पुस्तकांना आहे. वारस वा प्रकाशक सापडल्यास लेखी परवानगी घेऊन पुस्तक खुले करणे हा दुसरा मार्ग होय.

परवानगीविना झालेल्या अंकीकरणाचे भवितव्य अस्थिर असते. लाखो पुस्तकांच्या अंकीकरणासाठी सुरू झालेल्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात मराठी पुस्तकेही स्कॅन झाली होती. पुढे प्रताधिकाराच्या प्रश्नामुळे तिचे संकेतस्थळ वाचकांसाठी बंद झाले.

ही उणीव भरून काढण्यासाठी काही उपक्रम हाती घेण्यात आले आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या ई-कुंभ या संकेतस्थळावर अभियांत्रिकीची पुस्तके मराठीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य मिळतात. जुलै २०२४ मध्ये जाहीर झालेल्या अस्मिता प्रकल्पात पाच वर्षांत २२ भारतीय भाषांतून २२,००० पुस्तके तयार करण्याचे उद्दिष्ट आहे. २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात शालेय व उच्च शिक्षणासाठी भारतीय भाषांतील डिजिटल पुस्तके पुरवणारी भारतीय भाषा पुस्तक योजना जाहीर झाली. शालेय स्तरावर बालभारतीची पाठ्यपुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर खुली आहेत. विद्यापीठीय स्तरावर तशी एकच पाठ्यपुस्तक-संस्था नसल्याने हा मार्ग जसाच्या तसा लागू पडत नाही.

दृष्टिबाधित वाचक

दृष्टिबाधित व छापील मजकूर वाचण्यास असमर्थ असलेल्या वाचकांसाठी कायदा अधिक उदार आहे. २०१२च्या दुरुस्तीनुसार त्यांच्यासाठी ब्रेल, ध्वनी किंवा पडदावाचकाला वाचता येईल अशा स्वरूपात नफा न घेता प्रत तयार करणे व ती त्यांना देणे हा प्रताधिकाराचा भंग ठरत नाही. याच हेतूच्या माराकेश करारास जून २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता. २०१६ साली सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयातून अशी पुस्तके नोंदणीकृत वाचकांना मिळतात. मराठी मजकूर केवळ पानाच्या छायाचित्ररूपात असेल तर पडदावाचक तो वाचू शकत नाही. त्यासाठी युनिकोडमधील संहिता लागते.

अन्य देशांतील पद्धती

ब्रिटनमध्ये विद्यापीठे सामूहिक परवाना घेतात. त्यानुसार पुस्तकाचे एक प्रकरण किंवा दहा टक्के भाग, यांपैकी जो अधिक असेल तेवढा, स्कॅन करून केवळ त्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना देता येतो. अमेरिकेत हाथीट्रस्ट या विद्यापीठ ग्रंथालयांच्या संघाने २०२० साली करोनाच्या काळात, ग्रंथालये बंद असताना, सदस्य ग्रंथालयाकडे जितक्या छापील प्रती तितक्याच वाचकांना एका वेळी, या तत्त्वावर प्रताधिकारातील पुस्तके तात्पुरती वाचनास दिली. इंटरनेट अर्काइव्हने याच स्वरूपाची उसनवारी जगभरच्या वाचकांसाठी चालवली होती. तिच्याविरुद्ध चार प्रकाशकांनी केलेल्या दाव्यात मार्च २०२३ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने व सप्टेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने प्रकाशकांच्या बाजूने निकाल दिला. भारतात अशा उसनवारीविषयी कायद्यात स्वतंत्र तरतूद नाही.

हेही पाहा

• प्रताधिकार कायदा, १९५७

• डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ

• इन्फ्लिबनेट

• भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय

• धाराशिव जिल्हा

• मराठी विकिस्रोत